मासे वर येऊन धापा टाकत होते

सकाळी माशांच्या टाकीत पाहतो तर सगळे मासे पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलताहेत, एक गोल्डफिश तळाशी आडवा. पोटात धस्स झालं. अंगावर पांढरे ठिपके नव्हते, पंखही झडलेले नव्हते. सगळेच एका रात्रीत बिघडले म्हणजे दोष बहुधा पाण्याचा, म्हणून औषधाला हात न लावता आधी पाणी तपासलं. अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष, शून्य हवा; तो निघाला १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग)! मग आठवलं, दोन दिवसांपूर्वी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले अमोनिया संपवणारे उपयोगी जीवाणू मारले. लगेच निम्मं पाणी बदललं, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं. एअरपंप वाढवला, खाणं बंद. रोज थोडं पाणी बदलत राहिलो. ६ दिवसांनी अमोनिया शून्यावर आला, नायट्राइट (जीवाणू अमोनियापासून बनवतात ते, माशांना तेही विषारी) मात्र पुढेही तपासत राहिलो. आडवा पडलेला तोही वाचला. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळतो.