कोड रीडर घेण्याआधी गाडीचा पोर्ट बघा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेली गाडी शहादा किंवा चोपड्याहून जळगाव-धुळ्याच्या शोरूमपर्यंत न्यायची, तर दिवस मोडतो. घरी कोड रीडर, म्हणजे गाडीच्या पोर्टला जोडून तिच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड दाखवणारं यंत्र, असेल तर निघण्याआधीच कळतं, की काम घरी होण्यासारखं आहे, गावातल्या मेकॅनिकचं आहे, की खरंच शोरूमचं. मात्र नुसता कोड दाखवणारा आणि दिवा विझवणारा रीडर त्यासाठी पुरत नाही. कोणत्या भागात गडबड आहे एवढंच कोड सांगतो. नेमका कोणता पार्ट गेला ते गाडीतल्या बाकीच्या आकड्यांवरून काढावं लागतं. ते आकडे दाखवणारा रीडरच घ्यावा.

आधी गाडीचं साल बघा. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या नियमांचा टप्पा) गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड ओळखून नोंदवायची व्यवस्था, लागू झाली: ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्यानंतरच्या गाडीला बाजारातला कोणताही बरा रीडर चालतो. त्याआधीच्या गाडीत पोर्ट असला तरी ती साध्या रीडरशी बोलेलच असं नाही, आणि यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिनाचा कॉम्प्युटरच नसतो, तिथे पैसे घालू नका. २४ व्होल्टच्या ट्रकला कारचा रीडर कधीच लावू नका.

मग पोर्ट बघा. तो स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर असतो. काही गाड्यांत झाकण काढावं लागतं. पोर्टाची रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशा जागा डावीकडून मोजायच्या. टॉर्च मारून बघा: दोन्ही ओळींत सहाव्या जागी, म्हणजे ६ आणि १४ नंबरला, धातूची पिन दिसली तर गाडी बहुधा कॅन प्रोटोकॉलवर (रीडरशी बोलायची नवी पद्धत) आहे. तिथे काही नाही आणि ७ नंबरला पिन आहे, तर ती के-लाइन या जुन्या पद्धतीवर आहे. हा फरक पैसे वाचवतो, कारण स्वस्तातले बरेच डोंगल (मोबाइलला जोडायचे छोटे रीडर) के-लाइन नीट बोलत नाहीत. १६ नंबरला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात. रीडर पेटलाच नाही तर तो खराब ठरवण्याआधी फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत पोर्टाचा आणि चार्जिंग सॉकेटचा फ्यूज एकच असतो.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ डोंगल हजाराच्या आसपास येतो. वायरचा, स्वतःचा स्क्रीन असलेला हातातला रीडर दोन-चार हजारांत बसतो. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स असं सगळं वाचणारा स्कॅनर दहा हजारांच्या पुढे जातो. घरात एक-दोन गाड्या असतील तर आमचा कौल वायरच्या रीडरला. तो लावला की चालू होतो, ॲपची कटकट नाही आणि घरातलं कुणीही वापरू शकतं. मोबाइलवर ग्राफ बघायची हौस असेल तरच डोंगल.

डोंगल घेताना 'ईएलएम ३२७' या आतल्या चिपच्या नावावर भुलू नका. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि बाजारात दिसतात त्या बहुतेक नकला आहेत. डब्यावर '१.५' लिहिलंय म्हणून माल चांगला असं समजू नका, मूळ कंपनीने त्या नंबरची आवृत्ती काढलेलीच नाही. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई लागतो. परत करायची मुदत संपायच्या आत आपल्याच गाडीवर तपासा: चासी नंबर वाचला गेला पाहिजे, आणि पाच-सहा आकडे एकाच वेळी चालू ठेवले तर दहा मिनिटं कनेक्शन तुटता कामा नये.

आता रीडरमध्ये काय असायला हवं. साठवलेले कोड आणि अजून पक्के न झालेले पेंडिंग कोड, लाइव्ह डेटा (गाडी चालू असतानाचे आकडे), रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते) आणि फ्रीज फ्रेम. यातल्या फ्रीज फ्रेमकडे गिऱ्हाईक बघतच नाही, आणि कामाची तीच सगळ्यात जास्त. कोड पडला त्या क्षणाचे आकडे ती पकडून ठेवते. समजा पी०३०१ आला, म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिसफायर, त्यात इंधन नीट पेटत नाही. फ्रीज फ्रेममध्ये वेग ३५, आरपीएम २१००, लोड ८५ टक्के, इंजिन ९४ अंश दिसलं, तर गाडी कन्नड घाट चढताना अडखळली आहे. दाब वाढल्यावर ठिणगी कमी पडते, म्हणून आधी प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल बघा. तेच आकडे आयडलिंगचे आणि थंड इंजिनाचे असतील तर इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हकडे संशय जातो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर पुढची तपासणी फुकटात होते. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, एक नंबरची कॉइल दोन नंबरला आणि दोनची एकला लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेली. पी०३०१च राहिला तर कॉइल चांगली आहे, प्लग बदलून बघा. दिवा लागून न राहता लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नका; न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो कन्व्हर्टर जाळतं, आणि तो खर्च मोठा असतो.

लाइव्ह डेटाचा उपयोग आपल्याकडे उन्हाळ्यात कळतो. कितीतरी छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे असताना एसी लावून रेल्वे फाटकावर उभं राहिलात तरी इंजिन साधारण ९० ते १०३ अंशांत राहिलं पाहिजे. ११० कडे जायला लागलं तर एसी बंद करा, बाजूला थांबा आणि रेडिएटरचा फॅन फिरतोय का बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

शेताजवळ किंवा गोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायरिंग कुरतडतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चावी ऑन करून, इंजिन चालू न करता बघा. इंजिनाचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं, बाहेरच्या हवेइतकं हवं. उणे ४० अंश दिसलं आणि सोबत पी०११८ (इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर) किंवा पी०११३ (हवेच्या तापमानाचा सेन्सर) असेल, तर बहुतेक वेळा वायर तुटलेली किंवा कनेक्टर सुटलेला असतो. नवा सेन्सर आणण्याआधी वायर हाताने चाचपा.

सीएनजी किट बाहेरून बसवलेली असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते दाखवणारा रीडर घ्याच. गाडी गरम करून आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) ट्रिमची बेरीज बघा. पेट्रोलवर उणे-अधिक १० टक्क्यांत आणि सीएनजीवर अधिक २० असेल, तर दोष गाडीत नाही, किटच्या ट्यूनिंगमध्ये, गॅस फिल्टरमध्ये किंवा रेड्युसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आहे. अशा वेळी पी०१७१ (इंधन कमी पडतंय असा कोड) आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलून उपयोग नाही.

बीएस-६ डिझेल गाडी असेल तर निवड थोडी वेगळी. गाव ते शेत अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करू शकत नाही, काजळी साठते आणि पी२४६३ येतो. काजळी किती साठली हा आकडा साध्या रीडरवर बहुधा दिसत नाही, तुमच्या कंपनीचा डेटा वाचणाराच लागतो. उभ्या गाडीवर मशीनने रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळायचं काम, करताना सायलेन्सरच्या बाजूला ६०० अंशांच्या आसपास उष्णता तयार होते. कडबा, कपाशीच्या गंज्या किंवा वाळलेल्या गवतावर हे करू नका. त्यापेक्षा सुरुवातीला महामार्गावर २०-२५ मिनिटं सलग चालवणं सोपं पडतं.

एबीएस आणि एअरबॅगचे कोड सी आणि बी अक्षराने सुरू होतात, साधा रीडर ते वाचत नाही. घरी ब्रेकचं काम स्वतः करत असाल तरच महाग स्कॅनर घ्या. एअरबॅगच्या वायरिंगला घरी हात लावू नये, कोड वाचता आला तरी.

कोड पुसण्याआधी कोड, फ्रीज फ्रेम आणि बॅटरीचा व्होल्टेज यांचा फोटो काढा. पुसलं की फ्रीज फ्रेमही जाते. गाडी बंद असताना १२.४ ते १२.६ आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट हवेत. त्यापेक्षा कमी असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल घासा, अर्धे विचित्र कोड तिथूनच येतात. काम झालं की डोंगल काढून ठेवा. पोर्टला वीज कायम असल्याने तो बॅटरी खात राहतो, आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्टर मारेलच असं नाही.

जुनी गाडी घेताना हाच रीडर खिशात ठेवा. कोड एकही नाही, पण रेडिनेस मॉनिटर अपूर्ण आणि 'कोड पुसल्यानंतरचं अंतर' ८ किलोमीटर दिसतंय, तर दिवा विझवूनच गाडी दाखवायला आणली आहे, किंवा नुकतीच बॅटरी काढली होती. गाडी हायवेवर आणि गावात मिळून ५०-६० किलोमीटर चालवून परत पेंडिंग कोड बघा, आणि तोपर्यंत इसार देऊ नका.