फोनची स्क्रीन रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

पेरण्या उरकल्या, सोयाबीन-कापूस वर आला की गावोगावच्या ग्रुपवर 'ई-पीक पाहणी कशी करायची' याचे व्हिडिओ फिरायला लागतात. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर करायची पद्धत राज्यभर आली. तेव्हापासून परभणी-हिंगोलीकडची शिकलेली पोरं मोठ्या मनानं हे व्हिडिओ बनवतात. काम चांगलं आहे, म्हणूनच त्याच त्या चुका बघून जीव तळमळतो.

पहिली चूक आवाजाची. पोरगं वीस मिनिटं घसा कोरडा करून समजावतं आणि व्हिडिओ लावला तर सगळं मुकं. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, स्क्रीन रेकॉर्डर वरून ओढायच्या पट्टीतच मिळतो. त्याचं बटण दाबलं की चौकट येते: आवाज फोनमधला घ्यायचा, मायक्रोफोनचा की दोन्ही? घाईत ती चौकट कुणी वाचत नाही. आपण बोलणार असू तर मायक्रोफोन निवडायलाच हवा. आयफोनवर ही सोय २०१७ पासून आहे, पण तिथं रेकॉर्डिंगचं बटण नुसतं न दाबता दाबून धरावं लागतं, तेव्हा खाली माइकची खूण दिसते. ती चालू करा. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर समोरच्याचं बोलणं मात्र अँड्रॉइडच्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. फोनची रचनाच तशी आहे, सेटिंग चाचपण्यात वेळ घालवू नका.

माझी सवय अशी: आधी दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, थांबवायचं, कानाला लावून ऐकायचं, मगच खरं काम. बांधावर उभं राहून बोलायचं तर मी टाळतोच. वारा माइकमध्ये असा घोंघावतो की शब्द कळत नाही. स्क्रीन शेतात रेकॉर्ड करावी, आवाज घरी येऊन दार लावून द्यावा.

दुसरी चूक याहून वाईट. जिंतूरकडच्या एका पोरानं वडिलांच्या शेतात उभं राहून फार सुरेख व्हिडिओ केला. गाव निवडलं, गट क्रमांक टाकला, पिकाचा फोटो काढला, सगळं सावकाश. मधेच स्क्रीनच्या वरच्या कडेला बँकेचा मेसेज उतरला: कर्जाचा हप्ता थकला आहे. खाली रक्कमसुद्धा. त्याचं सगळं लक्ष फोटोच्या बटणाकडं होतं. व्हिडिओ पुन्हा न बघता त्यानं गावच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी फोन करून सांगेपर्यंत तो पुढं गेला होता. 'सर्वांसाठी डिलीट' केलं, पण ज्यांनी आधीच पुढं पाठवला त्यांच्याकडून परत कसा घेणार? त्याचे वडील कितीतरी दिवस पारावर बसायला गेले नाहीत. आपल्याकडं कर्ज कुणाला नाही? तरी चारचौघांत आकडा वाचला जाणं माणसाच्या जिव्हारी लागतं.

म्हणून सांगतो, 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं की झालं असं समजू नका. बऱ्याच फोनवर त्यानं फक्त आवाज बंद होतो, मेसेज दिसतोच. मी अशा कामाला सिम नसलेला जुना फोन ठेवलाय. व्हॉट्सअ‍ॅप नाही, बँकेचं अ‍ॅप नाही. नेट दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून, ओटीपीही त्याच फोनवर बघायचा. जुना फोन नसेल तर निदान नोटिफिकेशन बंद करा आणि व्हिडिओ शेवटपर्यंत स्वतः बघितल्याशिवाय कुणाला पाठवू नका. खातेदाराचं नाव आणि गट क्रमांकही त्यात दिसतो, तेव्हा ज्याचं शेत त्याला आधी विचारा.

बँकेच्या अ‍ॅपची स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये काळी येते. ते सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं असतं. त्यावर तोडगा म्हणून कुठलंतरी अनोळखी रेकॉर्डर अ‍ॅप टाकून त्याला फोनच्या सगळ्या परवानग्या देणारे बघितले की मला राग येतो. फोनमधला रेकॉर्डर पुरतो.

'स्पर्श दाखवा' हा पर्याय चालू ठेवा. बोट कुठं टेकलं तिथं ठिपका दिसतो. साठीतल्या माणसाला 'हितं दाबा' म्हटल्यानं काही कळत नाही, ठिपका कळतो.

फोन आडवा-उभा फिरू नये म्हणून रोटेशन आधीच बंद करा.

उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून ब्राइटनेस हवा तेवढा वाढवा, रेकॉर्डिंगवर त्याचा काही फरक पडत नाही.

जागा किती उरली ते आधी बघा.

आणि पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकू नका. तो दाबला जातो, सातबारावरची बारीक अक्षरं पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, आहे तसा पोचतो. फाइल मोठी वाटली तर सुरुवातीची शोधाशोध आणि शेवटी रेकॉर्डिंग थांबवण्यासाठी पट्टी खाली ओढलेला तुकडा गॅलरीतच कापून टाका.