व्हेट कार्डावरून घोड्याची वही कशी ठेवावी

अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्सच्या, म्हणजे एईआरसीच्या, 50 किंवा 100 मैलांच्या राइडमध्ये (घोड्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत) पशुवैद्य निघण्याआधी, मधल्या थांब्यांवर आणि शेवटी घोडा तपासतात. निकाल एका जाड कागदावर उतरतो, ते व्हेट कार्ड. ते अनेकदा शेवटी आयोजकांकडे जमा होतं, म्हणून देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढायचेच. वाटेत कार्ड झिपच्या पिशवीत ठेवा आणि स्वतःच्या नोंदी बॉलपेनने करा. जेलची शाई घोड्याला स्पंज करतानाच्या पाण्याने पसरते आणि नेमका हृदयाच्या ठोक्यांचा आकडा पुसला जातो.

प्रत्येक थांब्यासाठी चार वेळा लिहा: आलात कधी, ठोके निकषात (पुढे जाण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेत) आले कधी, तपासणी झाली कधी, पुन्हा निघालात कधी. तिसरी वेळ कार्डावर बहुधा नसते, ती स्वतः टिपावी लागते. रांगेत 10 मिनिटं गवत खात उभ्या राहिलेल्या घोड्याचे आतड्यांचे आवाज आणि श्वास, आल्या आल्या तपासलेल्या घोड्यापेक्षा वेगळे असतात.

पहिल्या दोन वेळांमधलं अंतर हा वहीतला सर्वांत बोलका आकडा. समजा, दोन राइडच्या कार्डांवर सगळीकडे 60 ठोके दिसतात. एकीत ते 4 मिनिटांत उतरले, दुसरीत 14 मिनिटांत. कार्डांवरचे ठोके सारखेच दिसतील, पण दुसऱ्या राइडच्या दिवशी घोडा बराच जास्त थकलेला होता. निकष त्या दिवशी 60 होता की 64, हेही लिहा; त्याशिवाय ही मिनिटं दुसऱ्या राइडशी ताडून पाहता येत नाहीत. थांब्यावर शिरण्याआधी उतरून घोडा चालवत आणला असेल तर तसंही नोंदवा, कारण त्याने ही मिनिटं कमी होतात.

कार्डांवर 56, 60, 64 असे चारच्या पाढ्यातले आकडे पुन्हा पुन्हा येतात. ठोके बहुधा 15 सेकंद मोजून चारने गुणलेले असतात, त्यामुळे एक ठोका चुकला की आकडा चारने हलतो. घरी मोजताना पूर्ण मिनिट मोजा. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो त्या जागी लावा. ‘लब-डब’ हे दोन आवाज मिळून एक ठोका; नवीन माणूस ते वेगळे मोजतो आणि विश्रांतीतल्या 36 ठोक्यांचे 72 करून बसतो. कशा प्रकारे मोजलं, हे आकड्याशेजारी लिहिलं की पुढे गोंधळ होत नाही.

सीआरआय, म्हणजे कार्डियाक रिकव्हरी इंडेक्स (श्रमानंतर हृदय किती लवकर सावरतं याचं माप), दोन आकड्यांत लिहिला जातो, उदाहरणार्थ 60/56. आधी ठोके मोजतात, मग घोडा हाताने धरून 125 फूट दुडकीने नेतात आणि परत आणतात. दुडकी सुरू झाल्यापासून एक मिनिटाने पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर ठीक. 60/64 एकदा आला तर मोजणीची चूक असू शकते. पुढच्या थांब्यावर 60/68 झाला तर दुखणं, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा थकवा यांपैकी काहीतरी आहे. म्हणून फरक लिहून भागत नाही, दोन्ही आकडे लिहा.

अ (सर्वांत चांगली), ब, क, ड अशा श्रेणींत जे येतं (हिरड्या, कातडीची चिमट, मानेची शीर भरणं, स्नायू, पाठ, चाल) ते जसंच्या तसं उतरवा. हिरडी दाबून सोडल्यावर रंग साधारण 2 सेकंदांत परतायला हवा; पशुवैद्यांनी सेकंद सांगितले तर श्रेणीऐवजी सेकंद लिहा. आतड्यांचे आवाज चार ठिकाणचे असतात: डावीकडे वर-खाली, उजवीकडे वर-खाली. त्यांची सरासरी काढून ‘ब’ लिहिणं ही फार मोठी चूक. तीन ठिकाणी ‘अ’ आणि एका ठिकाणी ‘ड’ ही माहिती सरासरीत हरवते. एका पशुवैद्याचा ‘ब’ दुसऱ्याचा ‘अ’ असू शकतो, तेव्हा कोणी तपासलं याची आद्याक्षरंही ठेवा.

त्याच पानावर दिवसाचं तापमान, दमटपणा, चढ-उतार, नाल की बूट, इलेक्ट्रोलाइट (क्षार) किती ग्रॅम आणि किती वाजता दिलं, पाणी कुठे प्यायलं, लघवीचा रंग. लघवी कॉफीसारखी गडद दिसली तर नोंद नंतर, आधी पशुवैद्य.

राइड संपली तरी पान बंद करू नका. त्या रात्री, दुसऱ्या सकाळी आणि 48 तासांनी विश्रांतीतले ठोके, शेण, भूक, पायांची सूज पाहा. निरोगी मोठ्या घोड्याचे ठोके उभ्याउभ्या साधारण 28 ते 44 असतात, पण उपयोगी पडतो तो तुमच्याच घोड्याचा नेहमीचा आकडा. तो राइडच्या आधीचा आठवडाभर, दाणा देण्यापूर्वी, रोज एकाच वेळी मोजून ठेवा.

घोडा बाद झाला तर ते पान सर्वांत तपशीलवार हवं. एईआरसीमध्ये ‘एल’ म्हणजे लंगडणं, ‘एम’ म्हणजे शरीरक्रियेतला बिघाड, ‘आरओ’ म्हणजे स्वाराने स्वतः माघार घेणं. नुसतं ‘एल’ लिहून काहीच कळत नाही. कोणता पाय, सरळ रेषेत की वळताना, कडक जमिनीवर की मऊ, कितव्या मैलानंतर आणि 0 ते 5 च्या मापात किती, हे लिहा. या मापात 3 म्हणजे दुडकीत प्रत्येक वेळी दिसणारं लंगडणं. मग घोडा ज्या दिवशी पुन्हा कडक जमिनीवर सरळ दुडकला, ती तारीख त्याच पानाच्या तळाशी.