बार्बाडोसमध्ये गाडी भाड्याने घेऊन गर्दी कशी चुकवावी

ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल आपल्याला २९ जून २०२४ च्या विश्वचषक फायनलमुळे पाठ आहे. त्या मैदानाच्या जवळच बंदर आहे, आणि बार्बाडोसची गर्दी समजून घ्यायची तर सुरुवात त्या बंदरापासून करावी लागते. हिवाळ्यात तिथे मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात. हजारो माणसं सकाळी उतरतात, ठरलेली पाच-सहा ठिकाणं बघतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. म्हणजे इथल्या गर्दीला वेळापत्रक आहे, आणि ते आधी वाचायला मिळतं. हाताशी गाडी असली की आपला दिवस त्याच्या उलटा लावता येतो. गाडी घेण्याचं खरं कारण तेवढंच. नुसतं बीचवर पडून राहायचं असेल तर तो खर्च करू नका.

आधी तारखा

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत खरा सीझन: हवा कोरडी, भाडी चढी, जहाजं सर्वात जास्त. जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपर्यंत क्रॉप ओव्हर हा ऊसतोडणीच्या परंपरेतून आलेला उत्सव रंगतो. तो बघायचा नसेल तर ते दिवस टाळा, कारण गाड्याही मिळत नाहीत. एप्रिलची अखेर ते जूनची सुरुवात आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हे दिवस शांत. मात्र जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. फायनल जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे याच बेटावर अडकून पडला होता. उन्हाळ्याच्या सुमारास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगाने येतं आणि कुजल्यावर घाण वास मारतं. पश्चिम किनारा त्यातून बहुधा सुटतो.

तारखा ठरल्या की ब्रिजटाउन बंदराचं जहाजांचं वेळापत्रक इंटरनेटवर काढा आणि आपल्या प्रत्येक दिवसापुढे किती जहाजं आहेत ते लिहा. पुढचं सगळं या कागदावर ठरतं.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी बार्बाडोसला व्हिसा लागत नाही. खोडा पडतो तो वाटेत: विमान लंडन, अमेरिका किंवा कॅनडामार्गे असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. तिकीट काढण्याआधी तो नियम बघा.

गाडी चालवायला स्थानिक 'व्हिजिटर परमिट' लागतो. तो बहुतेक एजन्सी काउंटरवरच थोड्या पैशांत करून देतात. मूळ लायसन्स जवळ हवंच, मोबाइलमधला फोटो चालत नाही. लायसन्स जुनं, पुस्तकवजा, मराठी मजकुराचं असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या (फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष). डिपॉझिटसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी नाकारतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'इंटरनॅशनल' वापर घरूनच सुरू करा. काउंटरवर उभं राहून ओटीपीची वाट बघण्याची वेळ येते ती याच चुकीमुळे.

गाडी कोणती, किती दिवस

आठवड्याच्या सहलीत तीन दिवस गाडी पुरते. उरलेले दिवस बस आहे: तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो. (दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. हा दर ठरलेलाच आहे, त्यामुळे हिशेब सोपा.)

लहान ऑटोमॅटिक गाडी घ्या. आतले रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस, आणि समोरून बस आली की साइड द्यायला जागा नसते. उघडी 'मोक' गाडी फोटोत छान दिसते, पण तिला कुलूप लागत नाही. पोहायला उतरल्यावर बॅग ठेवायची कुठे?

विम्याबद्दल दोन प्रश्न विचारा. नुकसान झालं तर पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाणार? आणि टायर व पुढची काच त्यात धरली आहे का? बहुतेक वेळा नसते, आणि या रस्त्यांवर बिघडतं ते नेमकं तेच. कडेचे दगड धारदार, खड्डे पाण्याखाली लपलेले. ताबा घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, टायरच्या बाजू बघा, स्टेपनी आणि जॅक आहे ना ते डिकी उघडून तपासा, पेट्रोलच्या काट्याचा फोटो घ्या.

रस्त्यावर उतरल्यावर

वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. पण एक सवय मुंबईच्या विमानतळावर सोडून यायची: डिपरचा अर्थ. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, थांब'. बार्बाडोसमध्ये डिपर म्हणजे 'तुम्ही आधी जा'. घाईने दिलेला डिपर बघून समोरचा बिनधास्त आडवा येईल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. हॉर्नसुद्धा तिथे बहुधा 'थँक यू' किंवा 'काय, बरं आहे ना' एवढ्यापुरता.

सिग्नल कमी, राउंडअबाउट पुष्कळ. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. डावीकडे किंवा सरळ जायचं तर डावी लेन, उजवीकडे वळायचं तर उजवी. वेगमर्यादा वस्तीत ४०, बाहेर ६० आणि एबीसी हायवेच्या (विमानतळाकडून ब्रिजटाउनला वळसा घालून जाणारा मुख्य रस्ता) काही भागात ८०. हिशेब मात्र ताशी ३५ किलोमीटरचाच धरा. बेट ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद, तरी ब्रिजटाउनहून पूर्वेच्या बाथशेबाला पाऊण तास सहज जातो.

पांढऱ्या रंगाच्या, लाल-तपकिरी पट्ट्याच्या 'झेडआर' व्हॅन म्हणजे तिथल्या शेअर रिक्षा समजा. हात दिसला की जागच्या जागी थांबतात. मागे अंतर ठेवा. ईशान्येचा स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट हा भाग चिकणमातीचा. तिथली जमीन सरकते, त्यामुळे काल सपाट दिसलेला रस्ता एका बाजूला खचलेला असू शकतो. पाऊस पडल्या पडल्या तिथे वेग निम्मा करा.

रस्ता चुकलात तर बसथांबा शोधा. खांबावरच्या पाटीवर 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी' लिहिलेलं असतं, म्हणजे ब्रिजटाउन कुठल्या दिशेला ते कळतं. मोबाइलचा नकाशा कधीकधी उसातल्या बैलगाडीच्या वाटेवर घालतो. डांबर संपलं की मागे फिरा.

दिवस कसे लावायचे

ज्या दिवशी बंदरात तीन-चार जहाजं आहेत, तो दिवस पूर्व आणि उत्तरेचा. दक्षिण किनाऱ्यावर उतरला असाल तर साडेसहाला निघा. सात ते नऊ एबीसी हायवे ऑफिसच्या गाड्यांनी तुंबतो, पण तुम्ही पूर्वेला चाललेले असाल. सिक्स क्रॉस रोड्सवरून बॉटम बेला उतरा. नारळ, कड्याखालची वाळू आणि सकाळी सातला चिटपाखरू नाही. लाटा जोरदार असतात, तेव्हा बघायचं, पोहायचं नाही. तिथून सेंट जॉन पॅरिशच्या चर्चपाशी थांबलात तर उंचावरून सगळा पूर्व किनारा दिसतो. मग बाथशेबा. ही वेळ ओहोटीशी जुळवा. ओहोटीला खडकांमधल्या उथळ कुंडांत बसता येतं, भरतीला तिथे नुसता फेस. अटलांटिक समुद्राची ओढ इथे माणसाला आत खेचते. सर्फिंग करणारे पाण्यात दिसले म्हणून आपण उतरायचं नाही.

पुढे कॅटलवॉशवरून किनाऱ्याचा रस्ता घ्या, मॉर्गन लुईसची जुनी पवनचक्की, मग चेरी ट्री हिल. टूरच्या बस या टेकडीवर सकाळी उशिरा येतात, तुम्ही दोननंतर पोचाल. निघण्याआधी टाकी भरा, कारण या बाजूला पंप विरळ आहेत. दर सरकार ठरवतं, त्यामुळे स्वस्त पंप शोधण्यात अर्थ नाही. अगदी उत्तरेची अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह बघायची असेल तर आधी फोन करा, समुद्र खवळला की गुहा बंद ठेवतात. आणि उजेडात परता: डिसेंबरात साडेपाचच्या थोडं पुढे सूर्य मावळतो, आतल्या रस्त्यांना दिवे कमी.

जहाज नसलेला दिवस जहाजवाल्यांच्या ठरलेल्या ठिकाणांसाठी राखून ठेवा: ब्रिजटाउनचा बीच कार्लाइल बे आणि हॅरिसन्स केव्ह ही गुहा. असा दिवसच नसेल तर कार्लाइल बेला आठच्या आत पाण्यात उतरा आणि गुहेची पहिली फेरी आधी बुक करा.

पश्चिम किनाऱ्याला जाताना हायवे १ टाळा. तो समुद्राला लागून आहे, पण हॉटेलांमधून रांगत जातो. आतला हायवे २ए घ्या आणि हव्या त्या बीचपाशी खाली उतरा. बेटावरचे सगळे बीच सार्वजनिक आहेत. महागड्या हॉटेलांच्या मधून चिंचोळ्या वाटा असतात, बिनधास्त जा. गिब्स आणि हेवूड्स हे त्यातले निवांत.

रविवार वेगळा. सकाळी रस्ते रिकामे, दुपारनंतर स्थानिक कुटुंबं डबे घेऊन समुद्रावर येतात, बाथशेबालाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑइस्टिन्सचा मासळीबाजार शुक्रवारी रात्री गर्दीने फुटतो. मासा तोच, तव्यावरून थेट ताटात, गुरुवारी किंवा शनिवारी जाऊन शांतपणे खा.

बीचवरच्या झाडाच्या खोडाला लाल पट्टा रंगवलेला दिसला तर ते मँचिनील. त्याचा चीक कातडी भाजतो, हिरवी सफरचंदासारखी फळं विषारी असतात, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी फोड येतात. मुलांना आधीच सांगून ठेवा. त्यांचे लष्करी छापाचे कपडेही घरीच ठेवा, सैनिकांखेरीज कुणी ते घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे.

गाडी परत देताना

अपघात झालाच तर फोटो काढा, पोलिसांना २११ वर आणि मग एजन्सीला कळवा. रुग्णवाहिकेचा नंबर ५११. पोलिसांच्या नोंदीशिवाय विमा बहुधा हात वर करतो.

गाडी विमानतळावर द्यायची असेल आणि विमान संध्याकाळचं असेल, तर चारच्या आत एबीसी हायवे ओलांडा. साडेचारनंतर सगळं शहर त्याच रस्त्याने घरी निघतं. टाकी आदल्या दिवशी नाही, शेवटच्या पंपावर भरा, काट्याचा पुन्हा फोटो घ्या आणि एजन्सीच्या माणसासमोर गाडीभोवती दुसरी फेरी मारा.