पीएच.डी.चा सक्तीचा नीतिमत्ता अभ्यासक्रम कसा पूर्ण करावा

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी सक्तीचा केलेला ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम कोर्सवर्कमध्येच, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांच्या टप्प्यातच, पूर्ण करावा. प्रबंध सादर करण्याच्या धांदलीत तो निव्वळ सोपस्कार ठरतो. सहा घटकांपैकी तत्त्वज्ञानाचा भाग वाचून समजतो, वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रात्यक्षिक मात्र चुकवू नये.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत गेल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सादरीकरणास मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. सॉफ्टवेअरचा अहवाल हाती आल्यावर केवळ टक्का न पाहता संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे वगळली आहेत का, हे तपासावे, आणि मग साधर्म्य दाखवणारी एकेक रंगीत ओळ मूळ स्रोताशी ताडून पाहावी. शब्द फिरवून टक्का उतरवणे ही शुद्ध पळवाट आहे.

संशोधनात माणसांच्या मुलाखती किंवा चाचण्या असतील, तर माहिती गोळा करण्यापूर्वीच संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि संमतिपत्र सहभागींना समजेल अशा भाषेत, म्हणजे बहुधा मराठीतच, तयार करावे.