गाडीचं ॲव्हरेज खरं काढायचं तर 'राउंड फिगर' सोडा

मी पशुवैद्यक. विट्यात राहते. लेंगरे, भाळवणी, आळसंद या बाजूला गाई-म्हशी तपासायला जाते त्या दिवशी साठ-सत्तर किलोमीटर गाडी होते. औषधांनंतर माझा सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा, म्हणून कृत्रिम रेतनाच्या नोंदवहीची मागची पानं मी ॲव्हरेज लिहायला ठेवली आहेत.

गेल्या मे महिन्यात माझ्या वॅगन आरचं ॲव्हरेज एकदम १७.२ निघालं. एरवी १९ च्या आसपास असतं. मी घाबरून गाडी गॅरेजला दिली, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घेतली, १,८०० रुपये मोजले. पुढच्या वेळी टाकी भरली तर ॲव्हरेज २१.२! दोन आठवडे मी भेटेल त्याला सांगत होते, साफसफाई करून घ्या, चार किलोमीटर वाढतात. तिसऱ्या वेळी आकडा पुन्हा १९ वर आला, तेव्हा मात्र मी वहीत जपून ठेवलेल्या पावत्या काढून बसले.

घडलं ते असं. त्या दिवशी मागच्या भरण्यापासून गाडी २४७ किलोमीटर चालली होती. दर १०४ रुपये ५० पैसे. गन कट झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, तेव्हा आकडा साधारण १,३५८ रुपयांवर, म्हणजे १३ लिटरवर होता. पंपावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, दीड हजार करू?" मी घाईत होते, आळसंदला म्हैस अडली होती. "करा," म्हणाले. हळूहळू दाबत त्यानं आणखी सव्वा लिटरच्या वर पेट्रोल आत घातलं आणि पावती झाली १४.३५ लिटरची. २४७ भागिले १४.३५, उत्तर १७.२. पुढच्या वेळी पुन्हा २४७ किलोमीटरवरच पंपावर गेले आणि गन कट होताच थांबले. आधीचं जास्तीचं पेट्रोल टाकीत होतंच, त्यामुळे ११.६५ लिटरच बसलं. उत्तर २१.२. गाडीत काहीही बदललं नव्हतं. दोन्ही भरणी एकत्र धरा: ४९४ किलोमीटर, २६ लिटर, बरोबर १९. गॅरेजवाल्यानं सांगितलेलं काम नीट केलं होतं, दुखणंच नव्हतं.

तेव्हापासून मी टाकी कशी भरते ते सविस्तर सांगते, कारण चूक सगळी तिथेच होते.

पंप एकच ठेवा, आणि जमलं तर गनही तीच. एकदा गनचं तोंड जवळून बघा. टोकाशी बारीक भोक दिसेल. पेट्रोल वाहत असताना या भोकातून हवा ओढली जात असते. टाकीच्या नळीत फेस वर चढून भोक झाकलं की हवा बंद होते, आतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. म्हणजे गनला टाकी भरल्याचं कळत नाही, फेस तोंडाशी आल्याचं कळतं. जोरात सोडलं तर फेस जास्त, कट लवकर. जमीन कलती असेल तर टाकीच्या एका कोपऱ्यात हवा अडकते आणि त्याच टाकीत कमी पेट्रोल बसतं. मी जाते त्या पंपावर रस्त्याकडच्या मशीनसमोरचं काँक्रीट गटाराकडे उतरतं, म्हणून मी आतल्या मशीनला गाडी लावते. तिथं रांग असली तरी थांबते.

गन हातात घेतली की आधीच सांगा: "दादा, टाकी फुल्ल, पहिल्या कटला थांबा. राउंड फिगर नको." हे नंतर सांगून उपयोग नसतो, कारण तोवर त्यांचं बोट सवयीनं पुन्हा दाबलं गेलेलं असतं. सुट्ट्या पैशांचा प्रश्न यूपीआयनं संपवला आहे. १,३५८ रुपये ५० पैसे तसेच्या तसे देता येतात. पहिल्या कटनंतर कोंबलेलं पेट्रोल हिशेब बिघडवतं ते वेगळंच, गाडीलाही ते चांगलं नाही. टाकीतली वाफ शोषून घ्यायला कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं तर तो निकामी होऊ शकतो. शिवाय जमिनीखालून आलेलं गार पेट्रोल उन्हात फुगतं, १० अंशांना साधारण १ टक्का, आणि त्याला जागा लागते.

पावती घ्या आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: तारीख, ओडोमीटरचा पूर्ण आकडा, लिटर. रुपये लिहिले तरी चालतील, पण हिशेब लिटरवरच करा, दर रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो. ट्रिप मीटरवर मी अवलंबून राहत नाही, मुलांचा हात लागून तो शून्यावर जातो.

पहिल्या फुल्ल टाकीचे लिटर हिशेबात धरायचे नाहीत. तिथून फक्त मोजणी सुरू होते. पुढच्या भरण्यात जेवढं बसतं तेवढं मधल्या काळात जळलेलं असतं. मध्येच कधी रात्री परतताना ५०० रुपयांचं टाकलं तर बिघडत नाही, तेवढे लिटर लिहा आणि पुढच्या फुल्ल टाकीच्या लिटरमध्ये मिळवा. एखादं भरणं लिहायचं राहिलं, तर तो टप्पा अंदाजानं भरून काढू नका. सोडून द्या आणि पुढच्या फुल्ल टाकीपासून नवी सुरुवात करा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एका टाकीचा आकडा कोणाला सांगूही नका. सलग भरणी धरली तर मधल्या भरण्यांमधलं कमी-जास्त आपोआप फिटतं, चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची. माझी १.३५ लिटरची चूक १३ लिटरवर १० टक्के होती, तीच १३० लिटरवर १ टक्का होते. म्हणून दहा भरण्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, आणि मग एकच भागाकार. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी करू नका. मी पुण्याला जाऊन आले, ४०० किलोमीटर, २० लिटर, म्हणजे २०. नंतर वाड्या-वस्त्यांवर ९० किलोमीटर, ६ लिटर, म्हणजे १५. दोन्हींची सरासरी १७.५ दिसते. खरा आकडा ४९० भागिले २६, म्हणजे १८.८.

टाकी भरून मोजणं किती निसरडं आहे ते यावरून कळेल: कंपनीच्या जाहिरातीतला आकडा असा काढतच नाहीत. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चालवतात, धूर गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात.

पंपाचं मापच खोटं असेल असा संशय आला, तर ५ लिटरचं प्रमाणित माप पंपावर ठेवावंच लागतं, ते भरून दाखवायला सांगा. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे अर्धा टक्का. माझ्या चुकीच्या विसाव्या भागाइतका.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असं घरचेही विचारतात. आमचा भाग उसाचा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून ॲव्हरेज पडलं की नाही, यावर चहाच्या टपरीवर रोज वाद असतो. एक म्हणतो पाच किलोमीटर पडलं, दुसरा म्हणतो काहीच नाही. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. इथेनॉल १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं, तर निव्वळ ऊर्जेच्या हिशेबानं फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. १९ च्या गाडीला पाऊण किलोमीटरही नाही. राउंड फिगर करणाऱ्याच्या आकड्यात दोन-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतात, त्याला हा फरक कसा दिसणार? वाद घालणाऱ्या दोघांनीही मोजलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण प्रश्न दोघांच्याही खिशाचा आहे.

मोटरसायकलचं वेगळं. तिथं गन टाकीच्या तोंडावर धरून नजरेनं भरतात, त्यामुळे कटचा भरवसा नाही. माझ्या मदतनीसाकडे जुनी कार्ब्युरेटरची स्प्लेंडर आहे, तो दरवेळी २०० रुपयांचं टाकतो. त्याला मी रिझर्व्ह ते रिझर्व्ह मोजायला लावलं. गाडी रिझर्व्हला लागली की खटका फिरवून तिथंच ओडोमीटर लिहायचा. मग पेट्रोल टाकून खटका परत 'ऑन'वर, आणि पुढे कितीही वेळा टाकलं तरी लिटर लिहीत राहायचं. पुन्हा रिझर्व्हला लागेल तेव्हा वजाबाकी. मात्र दोन्ही वेळा रस्ता सपाट हवा, चढावर गाडी आधीच रिझर्व्ह मागते. पाच भरण्यांत त्याचं ९.५७ लिटर आणि ५८७ किलोमीटर झालं, म्हणजे ६१.३. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना हा खटका नाही. त्यांनी टाकी फुल्ल करायची ती गाडी मधल्या स्टँडवर उभी करून आणि पेट्रोल प्रत्येक वेळी आतल्या एकाच खुणेपर्यंत घेऊन.

माझ्या वहीत परवा बारावं भरणं झालं. २,९१४ किलोमीटर, १५४.२ लिटर, १८.९. यातली चार भरणी पावसाळ्यातली आहेत, तेव्हा भाळवणीकडे चिखलातून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जावं लागलं होतं. ती वेगळी काढून बघायची आहेत, पण त्यासाठी पुढच्या पावसाळ्यातली आणखी सहा तरी हवीत.