थायरॉइड कॅन्सर किती आक्रमक? तपासण्यांतल्या या चुका टाळा

रिपोर्टवर ‘बीआरएएफ व्ही६००ई पॉझिटिव्ह’, म्हणजे गाठीतल्या बीआरएएफ जनुकात ठरावीक बदल सापडला, असं दिसलं की घरात रडारड सुरू होते. एवढी घाई नको. पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडच्या सर्वाधिक आढळणाऱ्या, कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांत हा बदल सापडतो आणि त्यांतले बहुतेक बरे होतात. जोडीला टीईआरटी या दुसऱ्या जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल, म्हणजे सी२२८टी किंवा सी२५०टी, असेल तर मात्र धोका बराच वाढतो. तेव्हा टीईआरटी पाहिलं का, हे विचारा. उलट बीआरएएफ निगेटिव्ह म्हणजे सौम्य, असंही धरू नका. रक्तवाहिन्यांत शिरलेल्या पेशी, ग्रंथीबाहेर पसरलेली गाठ, ‘टॉल सेल’ (उंच पेशींचा) प्रकार या गोष्टी सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. पॅथॉलॉजीचा तो जुन्या पद्धतीचा रिपोर्ट आधी नीट वाचा.

गोव्यात बांबोळीला ऑपरेशन झालं आणि दुसरं मत घ्यायला मुंबई गाठायची असेल, तर लोक फाइल नेतात, ब्लॉक विसरतात. जनुकांची तपासणी कागदावर होत नाही. गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तिचा तुकडा, लागतो. पॅथॉलॉजी विभागाकडे अर्ज करून स्लाइडसह तो घ्या, आणि भरपूर गाठ असलेला ब्लॉक नेमका कोणता, त्याचा क्रमांक लिहून घ्या. नमुना हाडातला असेल तर आणखी एक अडचण: हाड मऊ करायला वापरलेल्या तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ थायरोग्लोब्युलिनचा. हे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन; ऑपरेशननंतर कॅन्सरवर लक्ष ठेवायला ते रक्तात मोजतात. एकदा म्हापशात ०.४ आणि पुढच्या खेपेला मडगावात ०.९ आलं, की ‘दुप्पट झालं!’ पण दोन लॅबची यंत्रं वेगळी असतील तर हे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. लॅब एकच ठेवा. त्याच रक्तातून टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) आणि अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडी (थायरोग्लोब्युलिनविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिनं) याही तपासण्या करून घ्या. टीएसएच वर गेलं की थायरोग्लोब्युलिनही वाढतं, आणि अँटीबॉडी असतील तर ते खोटंच कमी दिसू शकतं. अँटीबॉडी साधारण दर चार-पाच रुग्णांमागे एकात असतात. ऑपरेशनपूर्वीच्या आकड्यावरून आक्रमकता ठरवू नका. ग्रंथी पूर्ण काढली असेल तर पहिली तपासणी ६ ते १२ आठवड्यांनी. अर्धीच काढली असेल तर उरलेला भागही थायरोग्लोब्युलिन बनवतो, त्यामुळे आकड्याचा अर्थ बदलतो.

केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. काही यंत्रांवर त्याने थायरोग्लोब्युलिन आणि टीएसएच दोन्ही खोटे कमी येतात. रक्त देण्याआधी किमान २ दिवस, मोठा डोस असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधी, ते बंद करा.

मेड्युलरी हा थायरॉइड कॅन्सरचा दुसरा प्रकार. त्याचे रक्तातले मापक वेगळे: कॅल्सिटोनिन हे संप्रेरक आणि सीईए हे प्रथिन. कॅल्सिटोनिन उष्णतेत टिकत नाही. मे महिन्यात नमुना बर्फाविना बाहेरगावच्या लॅबला गेला तर आकडा फसवा कमी येईल. सीरम (रक्तातला पाणीदार भाग) लगेच वेगळं करून गोठवून पाठवतात का, ते विचारा. ओमेप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्यांनी कॅल्सिटोनिन थोडं वाढू शकतं, म्हणून त्या चालू असतील तर सांगा. इथे एका आकड्यापेक्षा तो दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते मोलाचं: ६ महिन्यांच्या आत झाला तर काळजीचं, २ वर्षांहून जास्त लागली तर दिलासा. त्यासाठी जुने सगळे रिपोर्ट तारखेसह जपा.

आणि मेड्युलरीच्या प्रत्येक रुग्णाची रक्तातून आरईटी या जनुकाची तपासणी व्हावी; सुमारे चौथा हिस्सा आनुवंशिक असतो. रिपोर्टवर ‘जर्मलाइन’ (जन्मजात, पुढच्या पिढीत जाऊ शकणारा बदल) हा शब्द आहे का, ते पाहा. नसेल तर तो बहुधा गाठीचा रिपोर्ट आहे, आणि त्यावरून भावंडांना किंवा मुलांना धोका नाही, असं ठरवता येत नाही.